कान देऊन : किक ऐकू येते, पण तिचा तळ कुठे गेला?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नाशिकला राहतो, वय ३६. गेली पंधरा वर्षं टेक्नो, डब आणि अँबियंट या प्रकारचं संगीत ऐकतोय. घर वन बीएचके, मुलगी सव्वा वर्षाची, त्यामुळे रात्री स्पीकर लावायची सोय नाही. हेडफोनसाठी सव्वा लाख रुपये बाजूला काढलेत. मित्राकडे सेनहायझरचा एचडी ६०० ऐकला. सगळे त्याची तारीफ करतात, पण माझ्या ओळखीच्या ट्रॅकमधली किक (ड्रमचा जड, खालचा ठोका) मला पोकळ लागली. माझ्या कानांत दोष आहे का? ऑडिझीचा एलसीडी-एक्स घेऊ की सेनहायझरचा एचडी ८०० एस? मला चष्मा आहे. लॅपटॉपवरून ऐकतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या कानांनी अगदी बरोबर ओळखलंय. एचडी ६०० आला १९९७ मध्ये. गाण्याचा आवाज, सतार, व्हायोलिन यांसाठी आजही मी तोच उचलते. पण तुम्ही जे ऐकता त्याचा पाया कुठे असतो ते बघा. रोलंडच्या टीआर-८०८ या १९८० सालच्या ड्रम मशीनची किक साधारण ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० कंपनांच्या) आसपास घुमते. डबमधली बेसलाइन ४० पर्यंत सहज उतरते. आणि एचडी ६०० नेमका तिथेच हात आखडता घेतो. तो ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडा आहे, पण खरं कारण वेगळं : त्याच्या रचनेत पडद्याच्या पुढची दाबलेली हवा पुरती अडकत नाही, निसटते, आणि खालचे सूर विरून जातात. किकचा वरचा ‘टक्’ कानावर येतो, मागचा ‘हुंम्’ येत नाही. तुम्ही त्यालाच पोकळ म्हणताय.

हे मी स्वतः महागात शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मित्राचा टेक्नो ट्रॅक मी असल्याच ओपन-बॅक हेडफोनवर मिक्स केला. रात्रीचे दोन वाजलेले, बेस कमी वाटत होता, म्हणून चढवत गेले. आठ दिवसांनी तो ट्रॅक मोठ्या स्पीकरवर वाजला आणि पहिल्या मिनिटातच सगळा हॉल नुसता घोंगावायला लागला. मित्र काही बोलला नाही. तेव्हापासून कुठल्याही नव्या हेडफोनचा तळ मोजल्याशिवाय मी त्याच्यावर काम करत नाही.

तळ मोजायला उपकरण लागत नाही. मोबाइलवर टोन जनरेटरचं एखादं फुकट अ‍ॅप घ्या. आवाज बेताचा ठेवा. १०० हर्ट्झपासून सुरू करा, मग ८०, ६०, ५०, ४०, ३०. आवाज थोडा मंद होत जाणारच, कारण खालच्या सुरांना आपला कानच कमी दाद देतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी हे १९३३ मध्येच मांडून ठेवलंय. पण ४० वर सूर जवळपास नाहीसाच झाला, तर तो हेडफोन तुमच्या संगीतासाठी नाही, मग किंमत काहीही असो.

आता चष्मा. दुकानदार याबद्दल विचारत नाहीत, आणि तुमच्या बाबतीत हाच कळीचा मुद्दा आहे. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर भरते, म्हणून तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती कुठे फुगते तर कुठे गायब होते. हेडफोनला खोली लागत नाही. कान आणि पॅड यांच्यामध्ये अडकलेली ओंजळभर हवा दाबली की काम झालं. पण ती हवा अडकली तर पाहिजे! चष्म्याची जाड काडी पॅडखाली आली की फट पडते आणि बेस तिथूनच निसटतो. दुकानात ४० चा सूर चालू ठेवून चष्मा काढा, घाला, पुन्हा काढा. फरक ऐकून तुम्ही थक्क व्हाल. माझ्याकडे आलेल्या एकाने शेवटी ऐकण्यासाठी म्हणून पातळ धातूच्या काड्यांची वेगळी फ्रेम करून घेतली, आणि त्याचा सगळा प्रश्न तिथेच मिटला.

एचडी ८०० एस तुम्ही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वाद्यं इतकी ऐसपैस मांडणारे हेडफोन फार थोडे आहेत, आणि अँबियंटसाठी तो तुम्हाला आवडेलही. पण त्याचा बेस सडसडीत आहे. टेक्नोत तुम्हाला तीच पोकळ किक भेटेल, फक्त मोठ्या अंगणात.

एलसीडी-एक्स प्लेनर आहे. त्याचा पातळ, सपाट पडदा चुंबकांच्या प्रभावात एकसारखा हलतो, आणि पॅड नीट बसले तर बेस अगदी तळापर्यंत सपाट उतरतो. ८०८ ची लांबलेली किक त्याच्यावर कशी विझते ते एकदा ऐकाच. तिची शेपटी शेवटपर्यंत हातात राहते. सिंथचे (सिंथेसायझरचे) वरचे मधले सूर मात्र जरा मागे उभे असल्यासारखे वाटतात. शिवाय वजन ६१२ ग्रॅम. साखरेची अर्धा किलोची पिशवी डोक्यावर धरून दोन तास बसाल का? म्हणून दुकानात पाच मिनिटं नाही, पूर्ण एक तास लावून बसा. मान कुरकुरली तर हायफायमनचा एडिशन एक्सएस ऐका. तोही प्लेनरच, वजन ४०५ ग्रॅम, आणि तुमच्या बजेटमधले बरेच पैसे वाचतील. तो थोडी जास्त ताकद मागतो, त्याच्यासोबत एक साधा अ‍ॅम्प घ्यावा लागेल. एलसीडी-एक्स २० ओहमचा आणि संवेदनशील असल्यामुळे चांगल्या डोंगलवरही (लॅपटॉपला जोडायच्या हेडफोनच्या छोट्या जोडणीवरही) मोकळा वाजतो. दोन्ही ओपन-बॅक आहेत, म्हणजे आवाज बाहेर येणार. मुलगी आत झोपलेली असताना दार लावून हॉलमध्ये ऐका.

चाचणीला तुमचेच पाठ असलेले ट्रॅक न्या. मी स्वतः मुंबईच्या चरणजित सिंग यांचं १९८२ सालचं रेकॉर्डिंग नेते. ज्युपिटर-८ आणि टीबी-३०३ हे रोलंडचे सिंथेसायझर आणि टीआर-८०८ घेऊन त्यांनी राग वाजवले, आणि २०१० मध्ये ते पुन्हा निघाल्यावर जगभरच्या लोकांनी कान टवकारले. ३०३ ची गुरगुरणारी ओळ आणि ज्युपिटरची मींड एकमेकांत न मिसळता वेगवेगळी ऐकू आली पाहिजे, एवढंच मी बघते.

पण पैसे काढण्याआधी एक करा. मित्राचा एचडी ६०० आठवडाभर मागून आणा. लॅपटॉपवर इक्वलायझर टाकून १०५ हर्ट्झच्या खाली लो-शेल्फने (ठरावीक सुराखालचं सगळं एकसारखं वाढवणाऱ्या फिल्टरने) ५ डेसिबल वाढवा, आणि प्रीअ‍ॅम्प (इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पातळी) तेवढाच ५ ने खाली घ्या, नाहीतर आवाज फाटेल. बेस बराच परत येईल, अगदी तळाचा नाही. तेवढ्यावर समाधान झालं तर सव्वा लाख मुलीच्या नावावर राहू द्या.

आणि कृपा करून बेस मिळवण्यासाठी व्हॉल्यूम चढवू नका. आठवड्याला ८० डेसिबलला ४० तास, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. छातीत बसणारा दणका हेडफोनवर मिळत नाहीच, आणि तो शोधता शोधता रोज थोडं थोडं चढवत नेलेले, वयाच्या चाळिशीत कानात सतत शिट्टी वाजणारे लोक मी पाहिलेत.

प्रश्न : माझ्याकडे एलसीडी-एक्स आहे. चांदीची वायर लावली तर बेस सुधारेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. प्लेनरचा रोध खालपासून वरपर्यंत जवळपास सारखाच असतो, त्यामुळे वायरीने सुरांचा तोल बदलत नाही. तुमचे पॅड किती जुने आहेत? फोम बसला असेल किंवा चामडं तडकलं असेल तर बेस तिथून गळतोय. आधी पॅड बदला.