कोकेनच्या उपचारांसाठी दाखल होणारे घटले, म्हणजे व्यसन घटलं का?

तुमचा प्रश्न असा की, अमेरिकेत कोकेनच्या उपचारांसाठी दाखल होणाऱ्यांचं प्रमाण घटलं आणि ते प्रदेशागणिक वेगळंही दिसतं. तर व्यसनच ओसरलं का? मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे. माझं उत्तर : या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही.

तिथे 'टेड्स' या सरकारी नोंदीत २००५ साली उपचारांसाठी दाखल होणाऱ्या दर शंभरांत साधारण चौदा जणांची मुख्य नशा कोकेन होती, २०१५ मध्ये पाच जणांची. गोम 'मुख्य' या शब्दात आहे. हेरॉइन आणि कोकेन दोन्ही घेणारा माणूस हेरॉइन सुटताना होणाऱ्या त्रासाने हैराण होऊन येतो, म्हणून पहिल्या रकान्यात हेरॉइन लिहिलं जातं. कोकेन खालच्या रकान्यात जातं, आणि तक्ते बहुधा पहिल्या रकान्याचेच छापले जातात. शिवाय ही नोंद माणसांची नाही, दाखल होण्याची आहे. एकच जण वर्षात तीनदा आला तर तीन धरले जातात. त्यात भर मुख्यतः सरकारी पैसा मिळणाऱ्या केंद्रांवर असल्यामुळे खर्च स्वतः भरून खासगीत जाणारे बरेचसे सुटतात.

प्रदेशांचंही तसंच. अमेरिकेत पश्चिमेकडे मेथचा (मेथॲम्फेटामिन या उत्तेजक नशेचा) जोर आहे, त्यामुळे तिथे कोकेनचा वाटा आपोआप लहान दिसतो. युरोपात कोकेनसाठी येणाऱ्यांत स्पेन, इटली आणि ब्रिटनचा वाटा फार मोठा, तर चेकियात मेथच पुढे. कुठे कोर्ट माणसांना उपचारांना पाठवतं, कुठे खाटाच नसतात. खाटा नसलेल्या भागाचा आकडा छोटा असला तर त्यावर आनंद कसला मानायचा?

आणखी एक गोष्ट मला फार सलते. हेरॉइनसाठी मेथाडोन आहे, ब्युप्रेनॉर्फिन आहे. कोकेनसाठी मान्यता मिळालेलं एकही औषध नाही. समुपदेशन आणि तपासणीत नशा न आढळल्यास छोटं बक्षीस, या पद्धतींनी खरंच फरक पडतो. पण 'गोळी काय देणार?' असं विचारत आलेला माणूस ते ऐकून परत फिरतो.

आता मृत्यू बघा. कोकेनचा संबंध असलेले अतिसेवनाचे मृत्यू अमेरिकेत २०१५ मध्ये ६,७८४ होते, २०२१ मध्ये २४,४८६. त्यातल्या बहुतेकांत फेंटानिलसारखं ओपिऑइडही (हेरॉइनच्याच गटातलं, अफूसारखं काम करणारं द्रव्य) होतं. म्हणून मुख्य नशा काहीही सांगितली तरी मी कोकेनचं वेगळं विचारते. ओपिऑइडची सवय नसलेल्या शरीराला भेसळीतलं थोडंसं फेंटानिलही जीव घ्यायला पुरतं.