ड्रिल बिट वापराने झिजलं की हयगयीने गेलं, हे कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न असा: सहा महिन्यांत तीन ड्रिल बिटं आणि एक टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) नावावर लागले, साहेब म्हणतात हयगय, तुम्ही म्हणता झीज, आणि आता हे दाखवून कसं द्यायचं?

टॉर्क रेंचकडे नंतर येतो. बिटांवर मला बोलायचंच आहे, कारण तीन बिटं माझ्याही नावावर आहेत. आणि सहा महिन्यांत नाही, एका पाळीत.

नवीनच लागलो होतो. वीस मिलिमीटर जाडीच्या माइल्ड स्टीलच्या प्लेटा, त्यांत बारा मिलिमीटरची भोकं. चौथ्याच भोकाला पहिलं बिट किंचाळायला लागलं. चिप्स पांढऱ्या, वळलेल्या यायला हव्यात. त्या निळ्या पडून तुकड्यांनी उडत होत्या आणि कूलंट पडत होतं तिथून धूर. मी नव्या माणसासारखा घाबरून हात हलका केला. त्याने आणखी वाट लागली, कारण धार कापायचं सोडून नुसती घासायला लागली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दुसरं गेलं, संध्याकाळी तिसरं. फोरमन आला, बिट चकमधून काढून बोटांत धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्याच्या हाताला हत्यार टिकत नाही." रजिस्टरात माझ्या नावापुढे शेरा मारला: हयगय. पैसे कापले ते कापले. पण ते वाक्य पुढे दोन वर्षं माझ्या मागे फिरलं. दुसऱ्या कोणाची कानस तुटली तरी लोक माझ्याकडे बघून हसायचे.

ते तिसरं बिट भंगारात टाकायला सांगितलं होतं. मी टाकलं नाही, अजून ड्रॉवरमध्ये आहे. भिंग लावून बघितलं तर बाहेरचे दोन्ही कोपरे गोल झालेत, दोन्हीकडे सारखेच, जवळजवळ मिलिमीटरभर, आणि तिथला रंग काळपट निळा. मधलं टोक मात्र जसंच्या तसं. आता विचार करा. फिरणाऱ्या बिटाच्या मध्यावर वेग जवळजवळ शून्य आणि बाहेरच्या कोपऱ्यावर सगळ्यात जास्त. कोपरे जळाले आणि मध्य वाचला, म्हणजे वेगाने मारलं. हाताच्या जोराने मारलं असतं तर धारेचे टवके उडाले असते, नाहीतर बिट मधून उभं चिरलं असतं. एकच धार झिजलेली असेल तर धार लावणाऱ्याला विचारा. दोन्ही बाजू सारख्या घासल्या नसणार आणि एकाच धारेने सगळं काम ओढलं असणार. टेपर शँकचं, म्हणजे निमुळत्या दांड्याच्या बिटाचं, टँग (दांड्याच्या शेवटची चपटी जीभ) पिळून तुटलं असेल तर तो दांडा ज्या स्लीव्हमध्ये बसतो तिच्यात घाण किंवा खरवड होती, शँक नीट बसला नव्हता.

माझ्या बिटांची भानगड दोन दिवसांनी कळली, ड्रिल मशीनचं वरचं कव्हर उघडल्यावर. आधीच्या पाळीत कोणीतरी पाच मिलिमीटरची भोकं मारली होती आणि पट्टा जास्त वेगाच्या पुलीवर तसाच सोडून गेला होता. बारा मिलिमीटरच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटाला माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे पुरतात, म्हणजे कडेचा वेग मिनिटाला तीस मीटर. मशीन फिरत होतं साडेचौदाशेने, म्हणजे पंचावन्न मीटर.

फ्रेडरिक टेलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने सव्वीस वर्षं धातू कापून कापून १९०६ साली याचा हिशेब मांडला. हा माणूस कामगारांचा कैवारी मुळीच नव्हता, घड्याळ लावून लोकांची कामं मोजायचा. वेग आणि हत्याराचं आयुष्य यांना जोडणाऱ्या त्याच्या सूत्रात एचएसएसचा नेहमीचा घातांक, एक अष्टमांश, घातला तर वेग फक्त दहा टक्के वाढवल्यावर हत्याराचं आयुष्य निम्म्याहून कमी होतं. माझा वेग तर ऐंशी टक्क्यांहून जास्त वाढलेला होता. तुम्हीच करा हिशेब.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ज्याला हयगय म्हणतात त्यातली अर्धी तरी वरून आलेली असते. "आज संध्याकाळपर्यंत पाहिजे" म्हणत वेग वाढवायला लावणारा रजिस्टरात कधी सापडत नाही.

खरी हयगय कुठे दिसते? हत्याराच्या ज्या भागाने काम करायचंच नसतं तिथे. कानशीचे दात पुढच्या बाजूला सारखे बोथट झाले तर ती झीज. कानस मधून तुटली तर कोणीतरी तिने काहीतरी उचकटलंय, कारण कानस कडक आणि ठिसूळच असते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर हातोड्याचे घाव, पान्ह्याच्या दांड्यावर पाइप घालून ओढल्याच्या खुणा, जाडी मोजायच्या मायक्रोमीटरचा क्लॅम्प केलेला, यांना मी झीज म्हणणार नाही, कोणी कितीही रडलं तरी. हॅक्सॉचं पातं मात्र फसवतं. जुन्या पात्याने पाडलेल्या चिरेत नवं पातं घातलं की ते अडकून तुटतं, कारण नव्याच्या दातांचा फाक रुंद असतो. दिसते हयगय, असतं अज्ञान.

टॉर्क रेंच. त्यातलं मी फार वापरलेलं नाही. त्याने बोल्ट सैल करत होतात का? काम झाल्यावर स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवत होतात का? आणि कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर दाखवतो का याची तपासणी, शेवटचं कधी झालं? आयएसओ ६७८९ या टॉर्क रेंचच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, दुसरं काही ठरवलेलं नसेल तर, बारा महिने किंवा पाच हजार वेळा वापर, यातलं जे आधी होईल तेव्हा तपासायचा असतो. कार्डावर तारीखच नसेल तर साहेबांनाही उत्तर द्यावं लागेल.

आता एक गोष्ट राहिली. पट्ट्याचं कळल्यावर मी फोरमनकडे गेलो होतो. तो म्हणाला, "मग सुरू करण्याआधी तू बघायचं होतंस." हे बरोबर होतं. कव्हर उघडून बघायला दहा सेकंद लागतात, आणि पहिलं बिट जळाल्यावर तरी मी थांबायला हवं होतं, तिसऱ्यापर्यंत जायचं काही कारण नव्हतं. पण रजिस्टरात "पट्टा बघितला नाही" असं लिहिलेलं नव्हतं. हयगय लिहिलं होतं, आणि पट्टा सोडून जाणाऱ्याच्या नावापुढे काहीच नव्हतं.

तुमची तिन्ही बिटं अजून हाताशी असतील तर टोकाकडून, दोन्ही धारा दिसतील असा फोटो काढून इथे टाका, बघून सांगतो. मात्र त्याआधी धार लावायला देऊ नका. ग्राइंडरवर सगळ्यात आधी तो कोपराच जातो.