‘ऑल्वेज’ सर्वनामाला चिकटत नाही, तसं नुसतं दिसतं

तुमचा प्रश्न असा आहे : ‘आय ऑल्वेज फर्गेट’ बरोबर, मग ‘आय ऑल्वेज ॲम लेट’ चूक कसं? आणि सर्वनाम व क्रियापद यांच्या मधे बसणाऱ्या ॲडव्हर्बची (क्रियाविशेषणांची) यादी कुठे मिळेल?

यादी मी देणार नाही. ऑल्वेज, नेव्हर, ऑफन, युज्वली, रेअरली हे शब्द तुम्हाला माहीतच आहेत. घोळ होतो तो याद्या पाठ केल्यामुळेच. ‘ॲडव्हर्ब क्रियापदाच्या आधी’ हा अर्धा नियम सगळे शिकवतात, आणि उरलेल्या अर्ध्याला ‘अपवाद’ म्हणून मोकळे होतात. अपवाद जवळपास नाहीतच.

इंग्रजी वाक्यात कर्त्यानंतर लगेच एक जागा राखीव असते. ॲम, इज, हॅव, विल, कॅन, डू यांतलं कुणीतरी तिथे बसतं. ऑल्वेजसारख्या शब्दांचा क्रमांक त्या जागेनंतर. म्हणून ‘शी इज ऑल्वेज लेट’, ‘शी हॅज ऑल्वेज बीन लेट’, ‘शी विल ऑल्वेज बी लेट’. ‘आय ऑल्वेज फर्गेट’ या वाक्यात ती जागा रिकामी आहे, म्हणून ऑल्वेज ‘आय’ला चिकटल्यासारखं दिसतं. पटत नसेल तर त्याच वाक्याचा प्रश्न आणि नकार करून पाहा : ‘डू यू ऑल्वेज फर्गेट?’, ‘आय डोन्ट ऑल्वेज फर्गेट’. लपलेलं ‘डू’ बाहेर आलं, पण ऑल्वेज फर्गेटच्या आधी होतं तिथेच राहिलं. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत साधी क्रियापदंसुद्धा या जागेवर जाऊन बसत, म्हणून ‘मला माहीत नाही’ला ‘आय नो नॉट’ असं म्हणत. पुढे ती हालचाल थांबली आणि नकारासाठी ‘डू’ मदतीला आलं. ‘बी’ (म्हणजे ॲम, इज, आर) मात्र आजही स्वतः तिथे जाऊन बसतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

‘हॅव’ फसवं आहे. ते मदतनीस (हेल्पिंग व्हर्ब) असेल तर ॲडव्हर्ब त्याच्यानंतर : ‘आय हॅव ऑफन सीन हिम’. मुख्य क्रियापद असेल तर त्याच्या आधी : ‘आय ऑफन हॅव हेडेक्स’. ‘हॅव टु’चंही तसंच : ‘आय ऑल्वेज हॅव टु रिमाइंड हिम’. ओळखायचं कसं? प्रश्न करताना ‘डू’ लागलं तर ते मुख्य क्रियापद.

दोन-तीन हेल्पिंग व्हर्ब असतील तर वारंवारता सांगणारा शब्द पहिल्यानंतर येतो, आणि काम कसं झालं ते सांगणारा मुख्य क्रियापदाला खेटून. ‘द लेटर्स हॅव ऑल्वेज बीन केअरफुली चेक्ड’ या एका वाक्यात दोघांच्या जागा दिसतात. त्यांची अदलाबदल केली तर वाक्य मोडतं.

आता सर्वनामांबद्दल, कारण तुम्ही मुद्दाम सर्वनाम म्हटलंय. बोलताना ‘आय ॲम’चं ‘आय’म’ होतं, ‘शी इज’चं ‘शीज’. मदतनीस सर्वनामात इतका विरघळतो की मधे काही शिरकवायला फटच राहत नाही. तरीही कुणी ‘ही ऑल्वेज इज लेट’ म्हणालं, तर ते ‘इज’वर जोर देतंय, म्हणजे ‘असतोच तो उशिरा’. हे चूक नाही, फक्त जोर हवा. आणि वाक्य मदतनिसावरच संपत असेल तर ॲडव्हर्ब त्याच्या आधीच येतं : ‘येस, आय ऑल्वेज ॲम’, ‘येस, आय युज्वली डू’. तिथे ‘येस, आय ॲम ऑल्वेज’ म्हणून थांबलात तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहील.

मराठी माणूस अडखळतो तो मात्र बहुतेक वेळा कर्माच्या ठिकाणी. ‘मी त्याला नेहमी आठवण करून देतो’ यात ‘नेहमी’ कुठेही सरकवा, मराठी खपवून घेते. इंग्रजीत क्रियापद आणि कर्म यांच्या मधे बोटही घालता येत नाही. ‘आय रिमाइंड ऑल्वेज हिम’ किंवा ‘आय लाइक व्हेरी मच इट’ हे कानाला टोचतं. दुसरी खोड ‘कधीच’ची. आपल्याला ‘कधीच’बरोबर ‘नाही’ लागतं, पण ‘नेव्हर’च्या पोटात नकार आधीच आहे. ‘आय नेव्हर डोन्ट फर्गेट’चा अर्थ नको तो होतो.

नकाराजवळ जागा बदलली की अर्थ बदलतो, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. ‘आय रिअली डोन्ट नो’ म्हणजे मला खरंच माहीत नाही. ‘आय डोन्ट रिअली नो’ म्हणजे तितकंसं माहीत नाही. ‘आय डेलिबरेटली डिडन्ट टेल हर’ म्हणजे मुद्दाम सांगितलं नाही. ‘आय डिडन्ट डेलिबरेटली टेल हर’ म्हणजे सांगितलं, पण मुद्दाम नव्हे. ‘प्रॉबॅब्ली’ आणि ‘स्टिल’ नकाराच्या आधीच : ‘ही प्रॉबॅब्ली वोन्ट कम’, ‘आय स्टिल डोन्ट अंडरस्टँड’.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर लिहायला बसलो ती. ‘क्रियापद तोडू नका’ असं सांगणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. ‘विल’ आणि ‘एक्झिक्यूट’ मिळून एक क्रियापद, त्याच्या मधे काही घालणं अशुद्ध, असं ते छातीठोकपणे सांगतात. त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची शपथ वाचावी. ती संविधानात शब्दशः दिली आहे, फक्त ३५ शब्दांची, आणि तिच्यात ‘आय विल फेथफुली एक्झिक्यूट’ असंच आहे. ‘विल’नंतर, ‘एक्झिक्यूट’च्या आधी, जिथे असायला हवं तिथे. २० जानेवारी २००९ रोजी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी बराक ओबामांना शपथ देताना कागद न बघता ‘फेथफुली’ उचलून पार शेवटी नेलं. ओबामा ‘एक्झिक्यूट’पाशी थांबले. रॉबर्ट्स यांनी दुरुस्त करायचा प्रयत्न केला, तोही अर्धवट झाला, आणि अखेर ओबामांनी ‘फेथफुली’ शेवटीच म्हटलं. खरं तर विसाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे दुपारी बारा वाजता कार्यकाळ आपोआप सुरू झाला होता. तरी पुढे कुणी शंका काढू नये म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा घेतली गेली. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी तेव्हा कारण सुचवलं ते हेच : क्रियापद तोडू नये या शिकवणीची सवय. त्या क्षणी रॉबर्ट्स यांच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही. पण त्या नियमाने वाक्याचं काय होतं, ते तिथे सगळ्यांनी ऐकलं.

हा नियम बहुधा ‘टु’च्या नियमावरून ताणला गेलाय. ‘टु’ आणि क्रियापद यांच्या मधे शब्द घालायला इंग्रज धर्मगुरू हेन्री आल्फर्ड यांनी १८६४ मध्ये हरकत घेतली होती. त्याच्या कित्येक शतकं आधीपासून इंग्रजीत तसं लिहिलं जात होतं. ‘टु’बद्दल निदान वाद घालता येतो. मदतनीस आणि क्रियापद यांच्या मधली जागा ही ॲडव्हर्बची स्वतःची जागा आहे, तिथून त्याला हाकलणं म्हणजे बरोबर वाक्य बिघडवणं. तुमच्या लिखाणात कुणी ‘विल ऑल्वेज बी’ खोडून ‘ऑल्वेज विल बी’ केलं, तर पुन्हा पहिल्यासारखं करा.

एक-दोन गोष्टी राहिल्या. अमेरिकी वर्तमानपत्रांत ‘प्रॉबॅब्ली हॅज’सारखी रचना जोर नसतानाही दिसते, तिला चूक म्हणू नका. आज्ञार्थात कर्ता नसतो, त्यामुळे ‘ऑल्वेज चेक’, ‘नेव्हर गेस’ असं ॲडव्हर्ब सुरुवातीलाच येतं. आणि हे सगळं सरसकट लावू नका : ‘वेल’, ‘यस्टरडे’, ‘यट’ यांची नेहमीची जागा वाक्याच्या शेवटी. ‘क्लिअरली’ दोन्हीकडे चालतं, पण ‘ही क्लिअरली आन्सर्ड’ म्हणजे त्याने उत्तर दिलं हे उघड आहे, आणि ‘ही आन्सर्ड क्लिअरली’ म्हणजे त्याने स्पष्ट उत्तर दिलं.