दुसऱ्या कंपनीचे इंजिन आणि कोल्हापूरची आरसी

निपाणीहून एका वाचकांनी लिहिले आहे की, 2001 साली कोल्हापूरला एमएच-09 क्रमांकावर नोंदलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार त्यांनी दोन वर्षांपूर्वी नोटरी केलेल्या करारावर विकत घेतली. आरसी अजून जुन्या मालकांच्या नावावर असून तिची मुदत 2016 मध्येच संपली आहे. ब्रेक, वायरिंग आणि फायबरची बॉडी त्यांनी घरच्या शेडमध्ये स्वतः दुरुस्त केली, पण रेनॉच्या मूळ इंजिनाच्या ब्लॉकला (सिलिंडर ज्यात असतात त्या मुख्य ओतीव भागाला) तडा गेला आहे आणि सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून मेकॅनिक दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवायला सांगतो. तवंदी घाटाकडे ‘ट्रायल’ घेताना पोलिसांनी अडवून ताकीदही दिली. इंजिन बदलावे का आणि गाडी चिक्कोडी आरटीओकडे आपल्या नावावर कशी करावी, हे त्यांचे प्रश्न आहेत.

पहिल्याचे उत्तर स्पष्ट आहे : दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवू नका. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार आरसीतील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा अर्थ काटेकोरपणेच लावला आहे. सीएनजी किंवा बॅटरीच्या मान्यताप्राप्त किटला कायद्यात वाट ठेवली आहे; आपल्या मेकॅनिकच्या योजनेला ती नाही. कलम 182अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन कुठे मिळालेच, तर आधी नोंदणी प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी आणि नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढवून घ्यावा.

माझ्या मते आपला खरा मार्ग जुना ब्लॉक वाचवण्याचा आहे. तडा कुठे आहे हे पाहून तो धातूच्या पिनांनी शिवता येतो का, स्लीव्ह म्हणजे आतली नळी बसवून बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मूळ मापावर आणता येतो का, याची विचारणा बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात करावी. हे काम दुरुस्ती ठरते, बदल नव्हे, कारण क्रमांक तोच राहतो आणि क्षमताही तीच राहते. मात्र ब्लॉक देण्यापूर्वी इंजिन क्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र घ्या, त्या जागी ग्राइंडिंग करू नये असे पावतीवरच लिहून घ्या आणि कामाचे बिल जपून ठेवा. पुसट झालेला क्रमांक पाहिला की तपासणी करणाऱ्याच्या मनात चोरीचाच संशय आधी येतो. ब्रेक, क्लच, बुश, वायरिंग यांच्या दुरुस्तीला कोणाची परवानगी लागत नाही. रंग बदलल्यास मात्र आरसीवर नोंद लागते.

पोलिसांनी केवळ ताकीद दिली, हे आपले नशीब. मुदत संपलेल्या नोंदणीवर गाडी चालवणे म्हणजे नोंदणीविना चालवणे. कलम 192 खाली पहिल्याच वेळी 2,000 ते 5,000 रुपये दंड होतो आणि कलम 207 खाली गाडी अडकवून ठेवता येते. काचेवर ‘ट्रायल’ लिहिलेला पुठ्ठा लावण्याला कायद्यात काहीही किंमत नाही, कारण नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर नेण्याची मुभा देणारे व्यापार प्रमाणपत्र विक्रेते, उत्पादक अशा व्यावसायिकांसाठीच असते. यापुढे गाडी कुठेही न्यायची झाल्यास ती ट्रकवर चढवून न्यावी.

कागदांचा क्रम उलटा करू नका. आधी कोल्हापूर आरटीओकडे, जुन्या मालकांच्याच सहीने, नमुना 25 वर नूतनीकरणाचा अर्ज करावा. त्यासाठी गाडी तपासणीत उत्तीर्ण व्हावी लागते, म्हणून इंजिनाचे काम त्यापूर्वी पूर्ण हवे. नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांचे मिळते. वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी त्याचे शुल्क ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये आहे, शिवाय विलंबाचा आकार आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर भरावा लागेल. त्यानंतर नमुना 28 वर ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे, नमुने 29 आणि 30 वर हस्तांतर करावे आणि शेवटी नमुना 27 सह चिक्कोडीला केए-23 क्रमांकासाठी अर्ज करून कर्नाटकाचा कर भरावा. कलम 47 प्रमाणे परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास नवा क्रमांक घ्यावाच लागतो, आणि ती मुदत आपण ओलांडली आहे.

जुने मालक सही करायला टाळाटाळ करत असतील, तर त्यांना एक गोष्ट समजावून सांगा. आरसीवर ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात 2018 मध्ये ठरवले आहे. म्हणजे या गाडीने उद्या कोणाला इजा झाली, तर भरपाईचा दावा कोल्हापूरच्या त्या गृहस्थांवर येईल. एवढे ऐकून बहुतेक माणसे सहीला तयार होतात. तरीही नकार आला तर वकिलामार्फत नोटीस देऊन कराराच्या पूर्ततेचा दिवाणी दावा लावावा. अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. करारात हस्तांतराची तारीख लिहिली असेल तर ती त्या तारखेपासून मोजली जाते आणि नसेल तर नकार कळल्यापासून. आपला करार दोन वर्षांपूर्वीचा असल्याने ब्लॉकच्या कामासाठी न थांबता त्यातील तारखेचे कलम याच आठवड्यात काढून पाहावे.