यादीत न बसणारा माणूस

प्रिय,

अनेक आशीर्वाद. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एम्स गावच्या आयोवा स्टेट विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं तुझं पत्र वाचून खरंच आनंद झाला. सोबत उतरवून पाठवलेली ‘आयोवात जन्मलेले नामवंत’ ही यादीही पाहिली. पण त्यातले राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर पोरके होऊन अकराव्या वर्षीच ऑरेगॉनला मामाकडे गेले आणि सिनेमातला जॉन वेन लहानपणीच कॅलिफोर्नियाला. पाळणा हलला तिथं, एवढंच. आणि ज्या माणसासाठी मी तुझ्यामागे एम्सचा लकडा लावला होता, तो तुझ्या यादीत नाहीच.

तो म्हणजे कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. मिझुरीचा, गुलामगिरीत जन्मलेला. कॅन्ससच्या एका कॉलेजनं प्रवेश देऊन, दारात आल्यावर वर्ण पाहून परत पाठवला. पुढे आयोवातल्या सिम्प्सन कॉलेजात तो चित्रकला शिकू लागला. तिथल्या बाईंनी, एटा बड यांनी, याचा जीव झाडाझुडपांत आहे हे हेरलं. बाईंचे वडील एम्सला फळबागशास्त्र शिकवायचे. १८९१ मध्ये कार्व्हर तिथला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी झाला.

एम्सला एका प्राध्यापकांचा पाच-सहा वर्षांचा मुलगा त्याच्या मागे लागायचा. कार्व्हर त्याला रानात हिंडवायचा, फुलाचे भाग दाखवायचा. तो हेन्री वॉलेस. सोळाव्या वर्षी या पोरानं एक उपद्व्याप केला. तेव्हा मक्याची प्रदर्शनं भरत आणि सर्वांत देखण्या कणसाला बक्षीस. यानं तिथल्या प्राध्यापकांनी चांगली-वाईट ठरवलेली कणसं वेगवेगळ्या ओळींत पेरली आणि उतारा मोजला. देखण्या कणसांची सरशी झालीच नाही! प्राध्यापकांच्या शब्दापेक्षा तराजूवर विश्वास ठेवणारा तो पोरगा १९२६ मध्ये संकरित मक्याची बियाणे कंपनी काढून बसला आणि पुढे देशाचा उपराष्ट्राध्यक्ष झाला.

१९४० मध्ये तो मेक्सिकोला गेला, तिथली शेती बघून आला आणि रॉकफेलर फाउंडेशन या अमेरिकी दानसंस्थेपाशी ती सुधारण्याचा विषय काढला. त्यातून उभ्या राहिलेल्या प्रकल्पात १९४४ मध्ये आयोवातल्या क्रेस्कोजवळचा एक शेतकऱ्याचा मुलगा दाखल झाला. हा मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास झालेला, हे तुला मुद्दाम सांगतो. तो नॉर्मन बोरलॉग, हरितक्रांतीवाले. त्यांच्या बुटक्या गव्हाचं अठरा हजार टन बियाणं १९६६ मध्ये आपण मेक्सिकोहून आणलं. त्या गव्हाबरोबर आलेल्या खतापाण्याच्या हव्यासाबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे, ते इथं उगाळत नाही.

आता कामाचं. गाइड निवडताना त्याच्या नावावर किती पेपर आहेत हे बघ, पण त्याच्या बुटांना माती असते का हेही बघ. जुलैत मका डोक्यावर गेलेला असताना जो विद्यार्थ्यांबरोबर ओळीत शिरतो, त्याच्याकडे जा. तो कमी प्रसिद्ध असला तरी चालेल. पहिल्या सहा महिन्यांत बोल कमी, प्रश्न जास्त विचार. उतारा स्वतः मोज.

आणि एखाद्या रविवारी तासाभरावरच्या डि मॉइनला जा. बोरलॉगनी सुरू केलेल्या जागतिक अन्न पुरस्काराची इमारत तिथं नदीकाठी आहे. १९९८ चे मानकरी शोध: बद्रीनारायण बारवाले, ‘महिको’ बियाणे कंपनी काढणारे, आपल्या जालन्याचे. फोटो काढता आला तर पाठव, मी इथं बियाणेवाल्यांना दाखवीन.

तुझे सर