काउन्सेलर मुलासोबत आम्हालाही चित्रं काढायला आणि बाहुल्यांशी खेळायला लावतात. हे खरंच उपचार आहेत का?

तुमचा मुलगा 7 वर्षांचा, घरात सतत भांडणं, म्हणून तुम्ही तिघं समुपदेशनाला जाता; आणि मिस्टर म्हणतात, "फी भरून टाइमपास." मी नाशिकमध्ये मुलांचं आणि कुटुंबांचं समुपदेशन करते. असं म्हणणारे बाबा मला नवीन नाहीत, त्यामुळे सरळच सांगते: टाइमपास नाही. मात्र मोठ्यांनीही खाली सतरंजीवर बसून खेळायला हवं.

एवढ्या मुलाला "घरात तुला कशाचा त्रास होतो?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही." तेही आईकडे बघत, बरोबर बोललो ना म्हणून. हातात वाघाची बाहुली आली की वाघ मात्र बिनधास्त बोलतो. 1975 मध्ये अमेरिकेत आयर्विन आणि मॅलॉय यांनी कुटुंबासाठी हीच पद्धत मांडली: सगळ्यांनी बाहुल्या निवडायच्या, मिळून गोष्ट रचायची आणि करून दाखवायची. माझं लक्ष गोष्टीइतकंच दुसरीकडेही असतं. कोणी कोणाच्या हातातली बाहुली ओढून घेतली? शेवटपर्यंत बोलायलाच कोणाला मिळालं नाही?

चित्राचंही तसंच. सिडकोतलं एक कुटुंब होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). एकच चार्ट पेपर, प्रत्येकाचा स्केचपेन वेगळ्या रंगाचा, आणि बोलायचं नाही. वडिलांनी गोदाघाट आणि दुतोंड्या मारुती काढला. पोराने आपल्या निळ्या पेनने पाणी चढवत चढवत मारुतीच्या गळ्यापर्यंत नेलं. गोदावरीचा पूर किती चढला, हे आम्ही नाशिककर घाटावरच्या या मूर्तीवरूनच ओळखतो; गळ्यापर्यंत पाणी म्हणजे मोठा पूर. वडील नियम विसरून म्हणाले, "अरे, एवढं कुठे काढतोस!" मी फक्त विचारलं, "अजून चढणार का रे पाणी?"

"पप्पांची नाईट असली की नाही चढत."

वडील अंबडच्या कंपनीत शिफ्टला जायचे. पुढे बरेच दिवस बोलणं त्या एका वाक्यावरच चाललं, आणि बोलत होते ते नवरा-बायको. पोरगं शेजारी रंगवत बसायचं.

पण चित्र म्हणजे पत्रिका नव्हे. काळा रंग म्हणजे दुःख, घराला दार नाही म्हणजे एकटेपणा, असलं व्हॉट्सॲपवरचं ज्ञान सोडून द्या. डब्यात काळाच खडू उरला असेल! "इथे काय चाललंय, सांग ना," एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं.

घरीही करता येतं. बर्नार्ड आणि लुईस गर्नी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात आईवडिलांनाच असं खेळायला शिकवायला सुरुवात केली: आठवड्यातून एकदा, अर्धा तास, मूल म्हणेल तो खेळ. मोबाइल लांब. शिकवायचं नाही, चुका काढायच्या नाहीत, उठसूट "शाब्बास"ही नको. "पूल पडला, तू परत बांधतोयस," असं जे दिसतं तेच बोलायचं. रीतसर कसं करायचं, ते तुमच्या मॅडमकडूनच शिकून घ्या. मिस्टरांना जड जाईल, पाढे विचारल्याशिवाय राहवणार नाही.

एक मात्र बघा. घरात मारहाण होत असेल तर ते मॅडमना आधी एकटीने भेटून सांगा. सगळ्यांसमोर वाघ जे बोलून गेला, त्याचा मार घरी गेल्यावर पोराला बसू शकतो.