फाइल तुझी आहे

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘फोटोग्राफरने प्रोग्रामिंग शिकावं का’ असा मोठा प्रश्न वर मांडला आहेस, पण खरं दुखणं शेवटी, जाता जाता लिहिलंयस. दोन कॅमेऱ्यांपैकी एकाचं घड्याळ तासभर मागे होतं, सगळे फोटो उलटसुलट लागले आणि तू रात्रभर एकेक फोटो उघडून वेळ दुरुस्त करत बसलीस. वर कुणीतरी ऐकवलं, कोडिंगच्या नादी लागू नकोस, प्रकाश बघायला शीक.

प्रकाश तुला दिसतो, त्यावर मी बोलणार नाही. कमांड लाइनने, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम देण्याने, तुझा एकही फोटो जास्त चांगला येणार नाही, हेही खरं. पण ती रात्र वाचली असती. फोटोची वेळ फाइलच्या आतच, एक्झिफ नावाच्या नोंदींमध्ये लिहिलेली असते. फिल हार्वे २००३ पासून सांभाळत आलेत तो एक्झिफटूल नावाचा प्रोग्राम एका ओळीत हव्या त्या फाइलींची वेळ तासभर पुढे सरकवतो. दोन्ही कॅमेरे एकाच मॉडेलचे असले, तरी त्यांच्या फाइली बहुतेक वेळा सीरियल नंबरवरून वेगळ्या काढता येतात.

फाइल तुझी आहे, प्रोग्रामची नाही. हे मी आधीही सांगितलं होतं आणि तू नुसती मान डोलावली होतीस.

‘माझे फोटो’ म्हणतेस, पण ते कुठे आहेत हे तुला सांगता येतं का? तू फोटो एडिट करतेस त्या लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग म्हणजे एक एसक्यूलाइट डेटाबेस, नोंदींची वेगळी फाइल. तुझे स्टार, कीवर्ड, एडिट्स सगळे त्यात. एक्सएमपी नावाच्या छोट्या नोंद-फाइलीत लिहिण्याची सेटिंग चालू नसेल तर कॅमेऱ्याच्या मूळ रॉ फाइलच्या शेजारी त्यातलं आपोआप काही उतरत नाही. तुझी चालू आहे? आधी बघून ये, मग पुढे वाच.

ॲपर्चर हा फोटो सांभाळायचा प्रोग्राम बंद करत असल्याचं ॲपलने २०१४ मध्ये सांगितलं, तसाच पिकासा गूगलने २०१६ मध्ये थांबवला. फोटो कुणाचे गेले नाहीत, पण त्यांवर केलेली मेहनत अडकून पडली. उलट डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला, रॉ फाइली उघडणारा डीसीरॉ बघ. त्याचा सोर्स कोड सगळ्यांपुढे उघडा होता, म्हणून त्यावर उभं राहिलेलं लिबरॉ आजही कित्येक प्रोग्रामांत चालतं.

माझ्याबद्दल काय बोललं जातं ते तुझ्याही कानावर असेल: हा फोटो कमी काढतो, स्क्रिप्टच जास्त लिहितो. म्हणू देत. टर्मिनलसमोर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीसमोर, घालवलेल्या काही संध्याकाळी बाहेर ऊन सुरेख पडलं असणार, त्याची खंत मलाही आहे. पण कुणी जुनं काम मागितलं की मी ते काढून देतो, आणि बोलणारे ‘हार्डडिस्क बघावी लागेल’ म्हणतात. असो. तू मला हे विचारलंच नव्हतंस.

पायथॉनचा कोर्स लावू नकोस, इतक्यात तरी. फोल्डरांत फिरायला शीक, एक्झिफटूल शीक, फाइलींच्या प्रती काढणारं आरसिंक शीक. कॅमेऱ्याचे फाइल नंबर ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतात, त्यामुळे आज ना उद्या एकाच नावाचे दोन फोटो समोरासमोर येतील. नावात तारीख-वेळ घालायची सवय आत्ताच लाव. बॅकअपला आरसिंक एरवी फक्त आकार आणि बदलाची वेळ ताडून बघतं. आतला मजकूर तोच आहे का हे हवं असेल तर चेकसमचा, म्हणजे मजकुरावरून काढलेला आकडा ताडण्याचा, पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. वेळ लागतो, लागू दे. फाइल तुझी आहे, तर ती शाबूत आहे का हे तूच बघायचं.

फोटो बदलणाऱ्या इमेजमॅजिक या प्रोग्रामची मोग्रिफाय कमांड मात्र जपून. ती मूळ फाइलवरच लिहिते, विचारतही नाही. एक्झिफटूल निदान मूळ प्रत ‘ओरिजिनल’ शेपटी लावून बाजूला ठेवतं.

आता त्या फोटोंच्या फोल्डरची एक प्रत काढ आणि एक्झिफटूल आधी प्रतीवरच चालव. अडलं तर एरर मला जशीच्या तशी कॉपी करून पाठव. स्क्रीनचा फोटो काढून पाठवू नकोस, फोटोग्राफर असलीस तरी.